मंडळाचा आकडा एक, शिवारातला पाऊस दुसरा. शाळेतली बाटली कामाला येईल का?

पावसाळ्यात दरवर्षी तोच वाद. मंडळाच्या गावात नुसती रिमझिम, अन् सात-आठ किलोमीटरवरच्या शिवारात बांध फुटून पाणी वाहतंय. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी, असा सरकारी निकष आहे. पण मंडळात गावं कितीतरी आणि स्वयंचलित हवामान केंद्र बहुधा एकच. तिथं कमी नोंद झाली की बाकी गावांचं म्हणणं ‘अंदाजे’ ठरतं, कारण गावाकडं स्वतःचा आकडाच नसतो.

हा आकडा शाळेतली पोरं फुकटात तयार करू शकतात. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा, नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ उंचसखल असतो, म्हणून खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी भरायचं. ती पातळी शून्य धरून बाहेरून पट्टी चिकटवायची. बाटली जाड असो की बारीक, तोंड आणि पोट सारख्या मापाचं असलं की आकडा तोच येतो. मात्र झाडाखाली किंवा पन्हाळीजवळ ठेवली तर मोजमाप वाया. हवामान खात्यासारखीच रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायची आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचं.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तर पाऊस मोजूनच पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं.

बाटलीची नोंद सरकारदरबारी चालत नाही, हे खरं. मदतीसाठी मंडळाचाच आकडा धरतात. पण पेरणीचा निर्णय शेतकऱ्याच्या हातात आहे. 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. आपल्या शिवारात तेवढा पडला का, हे शाळेच्या फळ्यावर दिसलं तर दुबार पेरणीचा खर्च वाचू शकतो. शिवाय दोन-तीन वर्षांची तारीखवार वही ग्रामसभेत ठेवली, तर ‘आमच्या भागात वेगळं केंद्र द्या’ या मागणीला वजन येईल. नुसत्या तक्रारीपेक्षा वही केव्हाही बरी.