हातघाईचे शिक्षण आणि सूरजागड

संचलनाच्या मैदानावर कमांडो कौले फोडतो, विटांची चळत एका फटक्यात दुभंगतो, पेटत्या कड्यातून उडी घेतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात, हे दृश्य आता सवयीचे झाले आहे. शाळकरी मुले दुसऱ्या दिवशी अंगणात त्याची नक्कल करतात. मात्र अशाच जवानाला गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराच्या पायथ्याशी उभे केले, तर विटा फोडणाऱ्या त्या हातांनी तेथे नेमके काय करावयाचे असते, हे फारसे कोणी विचारीत नाही. प्रशिक्षणावर तिजोरीतला पैसा खर्च होतो आणि पैशाहून मोलाचा असा जवानाचा वेळ खर्च होतो. तेव्हा हा प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्या शौर्याविषयी शंका घेणे नव्हे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यापूर्वीच गोदावरीपलीकडून नक्षलवादी दलमांचा या अरण्यात शिरकाव झाला होता. बाहेरून आलेल्या पोलिसाला ना वाट ठाऊक, ना भाषा. तो रस्त्याने चालणार आणि रस्त्यावरच मारला जाणार, हे लवकरच ध्यानात आले. १ डिसेंबर १९९० रोजी तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचे एक खास पथक उभारले आणि त्या आकड्यावरूनच त्याला ‘सी-६०’ हे नाव पडले. १९९४ मध्ये जिल्ह्याच्या उत्तर भागासाठी अशाच दुसऱ्या पथकाची जोड मिळाली. या पथकाचे बळ त्याच्या बंदुकीत जेवढे होते, त्याहून अधिक त्याच्या भरतीत होते. जवान याच जिल्ह्याचे, गोंडी आणि माडिया बोलणारे, वाळलेल्या पाचोळ्यावरून आवाज न करता चालता येणारे. त्यांना मानेसर, हैदराबाद, कांकेर आणि नागपूरजवळ सुराबर्डी येथे शिक्षणासाठी धाडले जाते. कमांडोचे शिक्षण म्हटले की त्यात निःशस्त्र झुंज आलीच. बेळगावला भूदलाच्या कमांडो अभ्यासक्रमातून तयार होणाऱ्या अधिकाऱ्यांपासून ते मुंबईच्या ‘फोर्स वन’पर्यंत कोणीही त्याला अपवाद नाही.

आता या जिल्ह्याचा रक्ताचा हिशेब पाहावा. २००९ या एका वर्षात मरकेगाव येथे १५, हत्तीगोटा येथे १६ आणि लाहेरी येथे १७ पोलीस मृत्युमुखी पडले. हत्तीगोट्याच्या मृतांत पाच महिला होत्या. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने वाहन उडवले गेले आणि १५ जवान व त्यांचा चालक ठार झाला. उलट बाजूस एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया परिसरात सुमारे ४० आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात २६ नक्षलवादी मारले गेले. या साऱ्या घटनांत निकाल लावला तो दबा धरून घातलेल्या घावाने, सुरुंगाने आणि दुरून झाडलेल्या गोळीने. धोबीपछाड किंवा कराटेची लाथ यांना तेथे कामच पडले नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की ही विद्याच निरुपयोगी आहे. तो वेळ नेमबाजी, नकाशावाचन, सुरुंगशोध आणि जखमी साथीदाराचा रक्तस्राव थांबवणे यांसाठी द्यावा. या युक्तिवादात तथ्य आहे. विटा फोडण्याचा सराव एका मर्यादेपलीकडे नेला की घटत्या फलाचा नियम लागू होतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावे. पाठीवर सामान, छातीवर काडतुसे आणि हातात रायफल घेतलेला माणूस कमरेच्या वर लाथ उगारू शकत नाही. शिवाय जीव धोक्यात असताना बोटांची नाजूक कौशल्ये प्रथम लोप पावतात आणि उरतात त्या चार-दोन ओबडधोबड हालचाली.

दुसरी बाजू गलवानचा दाखला देते. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी झाडू नये, असा १९९६ चा भारत-चीन करार आहे. त्यामुळे १५ जून २०२० च्या रात्री कर्नल संतोष बाबू यांच्यासह २० भारतीय जवान ज्या झुंजीत कामी आले, ती दगड, दांडके आणि मुठी यांची होती. अण्वस्त्रे बाळगणारी दोन राष्ट्रे एकविसाव्या शतकात हातघाईवर आली! परंतु गलवानमध्ये बंदुकीला बंदी होती. एटापल्लीच्या जंगलात ती कधीच नव्हती. तेव्हा तो दाखला येथे जसाच्या तसा लावणे म्हणजे हिमालयाचे माप दंडकारण्याला लावण्यासारखे होईल.

या वादात दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात. सी-६० हे सैन्य नव्हे, ते पोलीस दल आहे.

हा भेद केवळ गणवेशाचा नाही. आधुनिक कमांडोंना हातघाईचे धडे देणारा विल्यम फेअरबर्न हा इंग्रज १९०७ पासून शांघाय महापालिकेच्या पोलिसांत होता. बंदरातल्या गुंडांशी गाठ पडल्यावर काय करावे याचा शोध घेताना त्याने जपानी आणि चिनी विद्यांतले मोजके डाव निवडले आणि पोलिसांसाठी एक साधी पद्धत बसवली. १९४० मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा ब्रिटिश कमांडोंना त्याने एरिक साइक्सच्या साथीने जे शिकवले, त्याचा रोख मात्र पालटला होता. पहारेकऱ्याला आवाज न होता ठार करणे, हे त्या शिक्षणाचे एक प्रमुख अंग झाले. दोघांच्या नावाने ओळखला जाणारा खंजीर त्याच काळातला. माणूस तोच आणि हातही तेच. पोलिसाला गुन्हेगार पकडायचा होता, सैनिकाला शत्रू संपवायचा होता. पुढे जगभर पसरली ती मुख्यतः दुसरी परंपरा, आणि पोलीस दलांनीही ती कमांडो या शब्दाबरोबर उसनी घेतली.

आपल्या मातीत पहिल्या परंपरेचे बीज नव्हते असे नाही. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की डाव संपतो. त्याचे हाड मोडले तर ती विजयाची खूण नव्हे, वस्तादाच्या शिव्यांचे निमित्त. मलखांबावर वाढलेल्या मुलाला पडावे कसे हे आधी कळते, पाडावे कसे हे नंतर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ ची संस्था विदर्भातच उभी असताना, पकडीचे शास्त्र कोठून आयात करावयाचे याची चिंता वाटण्याचे कारण नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. अटक कशी करावी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ ते सांगते. माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वाधीन होत नसेल, तर पोलिसाने त्याच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करावा किंवा त्याला जखडावे, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे अटक ही मुळात हाताने करावयाची गोष्ट आहे. प्रतिकार झाल्यास आवश्यक ते सर्व उपाय योजण्याची मुभा आहे. पण मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्याचा आरोप नसलेल्याचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. दलममधल्या अनेकांवर तसे गंभीर आरोप असतात, हे खरे. परंतु दलमला तांदूळ पोचवणाऱ्या पोरावर ते नसतात, आणि रात्रीच्या अंधारात दोघांत फरक करण्यास बंदुकीपेक्षा हात अधिक समर्थ असतो.

माणूस जिवंत पकडण्याचे मोल किती, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या देहात शिरल्या. नळी सुटली नाही. तेवढ्या क्षणांत सहकाऱ्यांनी कसाबला आडवा केला. दहा हल्लेखोरांपैकी नऊ मेले आणि मुके झाले. जो एक जिवंत सापडला, त्याच्या तोंडून कटाचा तपशील जगापुढे आला, त्याच्यावर न्यायालयात खटला चालला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. ओंबळे कोणत्याही खास पथकाचे कमांडो नव्हते. लष्करातली नोकरी संपवून पोलिसात आलेले ते एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांना अशोकचक्र मिळाले. रायफल हिसकावण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण नाक्यावरच्या किती पोलिसांपर्यंत पोचले, हे मात्र कोणी हिरिरीने विचारले नाही.

आता पुन्हा सूरजागड. या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला. २५ डिसेंबर २०१६ रोजी नक्षलवाद्यांनी येथे सत्तरहून अधिक वाहने जाळली. काम बंद पडले, पुन्हा सुरू झाले, आणि २०२१ पासून खनिजाच्या ट्रकांची रांग चालू आहे. त्याच डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे. जानेवारीत त्याची यात्रा भरते आणि पंचक्रोशीच्या ग्रामसभा तेथे जमतात. जवळच तोडगट्टा येथे खाणी व रस्त्याच्या विरोधात २०२३ मध्ये कित्येक महिने चाललेले धरणे नोव्हेंबरात पोलिसी कारवाईने संपले. त्या कारवाईच्या बऱ्यावाईटाविषयी मतभेद आहेत. मात्र तेथे समोर उभे होते ते बहुतांशी निःशस्त्र स्त्री-पुरुष, आणि बंदोबस्तावरील शिपायाचे हात कसे वागतात यावर एका गावाचे शासनाशी नाते पुढली वीस वर्षे ठरणार होते, याविषयी मतभेद असू नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. दलमांचा जोर ओसरला, हे उघड आहे. जसजशी बंदूक मागे सरेल, तसतसे जवानाचे काम नाक्यावर, बाजारात, यात्रेत आणि खाणीच्या फाटकाशी वाढत जाईल. तेथे त्याला दारू पिऊन कुऱ्हाड उगारणाऱ्याला आवरायचे आहे, ट्रकपुढे आडव्या पडलेल्या म्हातारीला उचलून बाजूला ठेवायचे आहे. शिपाई माडिया आणि म्हातारीही माडिया. कदाचित एकाच गोटुलच्या अंगणात दोन्ही घरची पोरे वाढलेली. तिचा खांदा निखळला तर बातमी पोलीस ठाण्याआधी त्याच्या घरी पोचेल.

आणखी एक बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. स्त्रीला अटक करताना, परिस्थितीच तशी नसेल तर, पुरुष पोलिसाने तिच्या देहाला हात लावू नये, असेही तेच कलम सांगते. खाणविरोधी धरण्यांत स्त्रिया पुढे असतात आणि दलमांतही त्यांची संख्या मोठी राहिली आहे. तेव्हा हातघाईच्या शिक्षणाची सर्वांत निकड आहे ती महिला शिपायांना. प्रात्यक्षिकांत मात्र विटा फोडताना दिसतात ते बहुधा पुरुषच.

शिक्षणाइतकेच प्रोत्साहनाचे गणित तपासले पाहिजे. १७ जुलै २०२४ रोजी एटापल्ली तालुक्यातच वांडोली येथे झालेल्या चकमकीत १२ नक्षलवादी मारले गेले, आणि पथकासाठी ५१ लाखांचे बक्षीस जाहीर झाले. जिवावर उदार होऊन लढलेल्यांना ते मिळू नये, असे कोणीही म्हणणार नाही. गोळीबार चालू असताना शंभर मीटरवरच्या माणसाला मिठी मारून पकडा, असा उपदेश शहरात बसून करणे हा तर शुद्ध आचरटपणा होय. परंतु ज्या कृतीला मोल दिले जाते ती वाढते. एखाद्या जवानाने झोपडीच्या दाराशी सशस्त्र माणसाला खाली पाडून, एकही गोळी न झाडता, जिवंत ठाण्यात आणले, तर त्याचे बक्षीस आणि पदोन्नतीतले गुण चकमकीच्या बरोबरीचे असावेत. शरण येणाऱ्याला शासन पुनर्वसनाची रक्कम देते; त्याच हिशेबात जिवंत पकडणाऱ्याचीही नोंद होण्यास अडचण नसावी.

खर्चाचा प्रश्न येथे मोठा नाही. पकडीचा सराव तरटावर आणि तांबड्या मातीत होतो. मात्र तो आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षे, पूर्ण सामानासह करावा लागतो. सुराबर्डीहून परतल्यावर उपठाण्यात तो थांबला, की सहा महिन्यांत हात विसरतात. १९९० च्या पहिल्या तुकडीतले जवान आता निवृत्तीच्या वयाला पोचले किंवा ते वय ओलांडून गेले. माडियांच्या अंगणात शिरताना आधी हाक कोणाला मारावी आणि कुऱ्हाड खांद्यावर असलेला माणूस शिकारीला निघाला आहे की भांडायला, हे त्यांना कळते. हेडरी, एटापल्लीच्या ठाण्यांत नव्या भरतीला, विशेषतः मुलींना, शिकवण्यासाठी त्यांना मानधनावर बोलवावे, आणि ते पुढल्या ठाकूरदेवाच्या यात्रेचा बंदोबस्त लागण्यापूर्वी व्हावे.