फिरते दुकान, स्थिर पत

व्यापारी घराण्यांत पेढीच्या जागेला फार मोठा मान असतो. अमुक पेठेतील, तमुक चौकातील, तीन पिढ्यांचे दुकान, एवढे सांगितले की निराळी ओळख द्यावी लागत नाही. पत्ता हीच पत, असा हा जुना व्यवहार. म्हणूनच ज्या दुकानाला कायमचा पत्ता नाही, जे आज एका रस्त्यावर तर उद्या दुसऱ्या रस्त्यावर उभे असते, त्याच्यापुढे लोक रांग लावतात, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. कॅलिफोर्नियात मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिने राहून येणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो आणि त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या फूड ट्रकच्या खिडकीपुढे गर्दी जमते.

हा बाजार वरवर पाहता आपल्याकडील आठवडी बाजारासारखाच दिसतो. परंतु त्यामागे नियमांचे पक्के अधिष्ठान आहे. न्यूयॉर्क शहरात १९७६ मध्ये 'ग्रीनमार्केट' या नावाने असे बाजार सुरू झाले. कॅलिफोर्नियात पूर्वी शेतकऱ्याला आपली फळे-भाजी ठरावीक आकारमानाची प्रतवारी करून, ठरावीक खोक्यांत भरूनच विक्रीस न्यावी लागे. १९७७ मध्ये राज्याने हे बंधन सैल केले आणि थेट ग्राहकाला माल विकण्याची वाट मोकळी झाली. मात्र एक अट घातली गेली. ज्याने पिकविले त्यानेच विकावे. दुसऱ्याचा माल आणून आपला म्हणून विकणे येथे चालत नाही. अडतीच्या धंद्यात पिढ्या घालविलेल्या घराण्यांना ही अट थोडी खुपेल. पण मालाचे मूळ ठाऊक असण्याला ग्राहक किती किंमत देतो, हेही तीच घराणी चांगले जाणतात. सांता मोनिका येथील बुधवारचा बाजार १९८१ पासून भरत आला आहे, आणि मोठ्या उपाहारगृहांचे आचारी तेथे स्वतः खरेदीला येतात. प्रमाणित बाजाराच्या हद्दीत केवळ शेतमाल असतो. शिजविलेले पदार्थ विकणाऱ्यांना हद्दीबाहेर, पण शेजारीच, जागा मिळते. शेतकऱ्याने मिळविलेल्या विश्वासाच्या सावलीत ट्रकवाल्याचा धंदा उभा राहतो तो असा.

चाकांवरच्या खानावळीची कल्पना मुळीच नवी नाही. १८७२ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने घोडागाडीला खिडक्या पाडल्या आणि एका वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर रात्रपाळीच्या कामगारांना सँडविच, पाय आणि कॉफी विकण्यास आरंभ केला. रात्री खानावळी बंद होत, पण भूक काही बंद होत नसे. ग्राहक दुकानापर्यंत येऊ शकत नाही, तर दुकानाने ग्राहकापर्यंत जावे, एवढाच त्यातील हिशेब होता.

या जुन्या हिशेबाला नवे रूप मिळाले ते लॉस एंजेलिसमध्ये. २००८ चा नोव्हेंबर महिना होता. मंदीने मोठमोठ्या व्यवसायांचे कंबरडे मोडले होते. अशा काळात रॉय चोय हे आचारी आणि त्यांचे भागीदार यांनी 'कोगी' नावाचा ट्रक रस्त्यावर आणला. कोरियन चवीचे सारण मेक्सिकन टाकोत भरून देणे, हा त्यांचा विशेष. पदार्थ मांसाहाराचा असल्यामुळे त्याच्या चवीशी येथे कर्तव्य नाही. परंतु व्यापाराची रीत मात्र अभ्यासण्याजोगी आहे. ट्रक केव्हा आणि कुठे उभा राहील, हे ते ट्विटरवर कळवीत आणि लोक तो निरोप वाचून तेथे पोहोचत. २०१० मध्ये 'फूड अँड वाईन' मासिकाने उत्तम नव्या आचाऱ्यांत रॉय चोय यांची निवड केली. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'करी अप नाऊ' हा भारतीय पदार्थांचा ट्रक निघाला, आणि पुढे त्याच नावाची उपाहारगृहे उभी राहिली.

यातील मर्म असे की, पत्ता नाहीसा झाला म्हणून पत नाहीशी झाली नाही; ती शब्दावर येऊन बसली. कायमचे दुकान एखादे दिवशी बंद असले तर ग्राहक दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, कारण दुकान कुठे जाणार? ट्रकवाल्याने मात्र सांगितल्या वेळी सांगितल्या जागी उभे राहण्यात एकदा कसूर केली, की त्याला शोधत कोणी फिरत नाही. दिलेला शब्द हाच त्याचा पत्ता.

त्या शब्दाची खरी कसोटी लागते ती खिडकीपाशी, आणि शाकाहारी कुटुंबाला ती विशेष जाणवते. फळ्यावर पाच-सहा पदार्थांची नावे असतात. घेवड्याचा टाको निरुपद्रवी वाटतो. पण घेवडा प्राण्याच्या चरबीत परतलेला असू शकतो, भात मांसाच्या रश्शात शिजविलेला असू शकतो, चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असू शकते. ट्रकमधील जागा ती केवढी! बहुधा एकच तवा, तळणीची एकच कढई. कांदा, लसूण आणि बटाटा यांचा प्रश्न त्यानंतरचा. इतके सारे विचारायचे म्हणजे मागची रांग खोळंबते. सोबतच्या नातवंडांना संकोच वाटू लागतो आणि आजी हळूच म्हणतात, राहू दे, मला भूक नाही.

अशा वेळी विक्रेता काय उत्तर देतो, यावर त्याची योग्यता ठरते. घाईघाईने 'सगळे व्हेजच आहे' म्हणून पुडी हाती ठेवणारा त्या दिवसाची विक्री साधतो. तवा एकच आहे, तुम्ही हे घेऊ नका, असे सरळ सांगणारा त्या दिवसाचे काही डॉलर गमावतो. पण संकोचलेल्या नातवंडांना प्रश्न विचारण्यात काही गैर नव्हते हे कळते, आणि ते कुटुंब त्या माणसाचे नाव चार घरी चांगलेच सांगते. गमावलेली विक्री ही कधी कधी जमेच्या बाजूला लिहावयाची असते.

उपाशी राहण्याचे मात्र कारण नाही. शेजारच्या बाजारात शेतकऱ्याच्या हातची ताजी फळे असतात. लॉस एंजेलिसमधील हातगाड्यांवर लिंबू, मीठ आणि तिखट लावून आंबा, कलिंगड, काकडी कापून देतात. त्यात पांढऱ्या, करकरीत फोडी दिसल्या तर कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी अवश्य विचारावे. ते हिकामा नावाचे कंदमूळ असते. सकाळचा बाजार सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनाही सोयीचा पडतो.

हे सारे पाहून घरातील तरुणांना भाडे नाही, पागडी नाही, असा हा धंदा सोपा वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात आरोग्य खात्याचा परवाना लागतो. स्वच्छतेसाठी आणि साठवणीसाठी मान्यताप्राप्त स्वयंपाकगृहाशी करार करावा लागतो. लॉस एंजेलिस परगण्याने २०१० मध्ये उपाहारगृहांप्रमाणे ट्रकांनाही ए, बी, सी अशी श्रेणी देऊन ती दर्शनी लावण्याचे ठरविले. पाऊस आला तर ग्राहक नाही, इंजिन बिघडले तर दुकानच नाही. जागेचा खर्च वाचतो हे खरे. पण जागेने आजवर आपोआप मिळवून दिलेला विश्वास येथे रोज नव्याने कमवावा लागतो. वाडवडिलांच्या पेढीवर बसणाऱ्या तरुणाने एवढे ध्यानात घेतले, तरी त्या खिडकीपुढे उभे राहिल्याचे सार्थक झाले. चौकातील गादी वारशाने मिळते; गिऱ्हाइकाला खरे सांगण्याची सवय प्रत्येक पिढीला स्वतःच लावून घ्यावी लागते.