फुकुशिमा : दैवी शिक्षा नव्हे, माणसाचा गुन्हा

भूकंप झाला की दोन प्रकारची माणसे लगेच बोलू लागतात. एक म्हणतात, पाप वाढले म्हणून धरणी हलली. दुसरे म्हणतात, निसर्गापुढे कुणाचे काय चालते? दोघांची भाषा वेगळी असली तरी परिणाम एकच होतो. जबाबदार माणूस सुटतो.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ९ रिश्टरच्या तोडीचा भूकंप झाला. पाठोपाठ त्सुनामी आली. फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रावर पंधरा मीटरच्या आसपास उंचीची लाट चालून गेली. तळघरातील डिझेल जनरेटर बुडाले, थंड पाण्याचा पुरवठा थांबला आणि तीन अणुभट्ट्यांचे इंधन वितळले. दीड लाखाच्या वर माणसांना घरदार सोडावे लागले.

चौथ्या दिवशी टोकियोचे तेव्हाचे राज्यपाल शिंतारो इशिहारा यांनी त्सुनामीला दैवी शिक्षा म्हटले. लोक स्वार्थी झाले म्हणून ती झाली, असा त्यांचा सूर होता. ओरड झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी माफी मागितली. आपल्याला हे ऐकून नवल वाटायला नको. १९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे सांगितले होते. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. गांधीजींचा हेतू काहीही असो, शिक्षा देणारा हा कसला देव, जो अस्पृश्यता पाळणाऱ्यासोबत अस्पृश्याचीही झोपडी पाडतो?

तथागतांनी सांगितले, कारणाशिवाय काही घडत नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासून नाकारला. म्हणून बौद्धाने विचारायचा प्रश्न एवढाच, की कारण काय? जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने जुलै २०१२ मध्ये याचे उत्तर दिले. हा अपघात मानवनिर्मित आहे. सरकार, नियामक संस्था आणि वीज कंपनी यांचे साटेलोटे त्याच्या मुळाशी आहे. पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते, असा हिशेब कंपनीच्या घरातच २००८ साली मांडला गेला होता. त्यावर वेळेत उपाय झाला नाही. जपानी माणसाच्या शिस्तीचे आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा फार कौतुक केले. आयोगाच्या अध्यक्षांनी मात्र वरिष्ठांना प्रश्न न विचारण्याच्या त्याच सवयीवर बोट ठेवले.

आणखी एक गोष्ट आपल्या काळजाला लागावी अशी आहे. फुकुशिमातून बाहेर पडलेल्या माणसांना दुसऱ्या गावांत विटाळ समजले गेले. योकोहामाच्या शाळेत गेलेल्या एका मुलाला सोबतची मुले 'जंतू' म्हणत, त्याच्याकडून पैसे उकळत. हे २०१६ साली उघड झाले. किरणोत्सर्गाची भीती खरी असेल, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच अपवित्र ठरवण्याची ही रीत कोणत्या विज्ञानात बसते? ती आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. गावकुसाबाहेर राहणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

आणि ती घाण साफ कुणी केली? कंत्राटदार, त्याचा उपकंत्राटदार, त्याखालचा मुकादम अशा उतरंडीतून आलेल्या रोजंदारी मजुरांनी. त्यांत ओसाकाच्या कामागासाकीसारख्या मजूर अड्ड्यांवरून आणलेली माणसेही होती. आपल्या शहरांत गटारात उतरवला जाणारा माणूस कोणत्या समाजाचा असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही उतरंड समजावून सांगायला नको.

आता कायद्याकडे येऊ. राजकारणी ज्याला दैवी शिक्षा म्हणतो, त्याला वकील 'देवाची करणी' म्हणतो. जपानच्या १९६१ च्या कायद्यात असाधारण मोठ्या नैसर्गिक आपत्तीसाठी कंपनीला सूट होती. जनमताच्या रेट्यामुळे कंपनीला तिचा आसरा घेऊन सुटता आले नाही. तरी जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारला भरपाईच्या जबाबदारीतून मुक्त केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली एम. सी. मेहता खटल्यात याच्या उलट तत्त्व सांगितले होते. धोकादायक उद्योग चालवणाऱ्यावर पूर्ण जबाबदारी, देवाची करणी ही सबब नाही. पण २०१० च्या अणुदायित्व कायद्याने तीच सबब परत आणली आणि चालकाची जबाबदारी १५०० कोटींवर अडवली. सदोष यंत्रे देणाऱ्याकडून वसुली करण्याची एक चांगली तरतूद त्यात होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा कायदा मंजूर करून खासगी कंपन्यांना दार उघडले आणि ती तरतूदही वगळली. शांती कुणाची? पुरवठादाराची!

फुकुशिमा धुमसत असताना आपले अणुऊर्जा खात्याचे वरिष्ठ अधिकारी सांगत होते, ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे. त्यानंतर जेमतेम सव्वा महिन्याने, १८ एप्रिल २०११ रोजी, जैतापूर प्रकल्पाला विरोध करणाऱ्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांवर पोलिसांनी गोळीबार केला. एकाचा जीव गेला. जपानमध्ये जुलै २०१२ मध्ये लाखावर लोक टोकियोच्या योयोगी उद्यानात जमले. कुडनकुलमच्या कोळ्यांनी तोच प्रश्न विचारला, तर हजारोंवर राजद्रोहाचे गुन्हे लागले.

आपल्यातले काही जण म्हणतील, हा पर्यावरणवाल्यांचा विषय आहे, आपला नाही. बाबासाहेब तर विजेचे पुरस्कर्ते होते. होय, होते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनीच देशाच्या वीज धोरणाचा पाया घातला. त्यांना वीज स्वस्त आणि मुबलक हवी होती, ती माणसाला दारिद्र्यातून वर काढण्यासाठी. माणसाचा बळी देऊन मिळालेला प्रकाश त्यांनी मागितला नव्हता.

म्हणून आपली मागणी साधी आहे. अपघात होण्याआधी सगळी माहिती लोकांसमोर ठेवा. कंत्राटी मजुराच्या अंगावर किती किरणोत्सर्ग झाला त्याची नोंद त्याच्या हातात द्या. देवाची करणी हे शब्द कायद्यातून काढा. हे मागण्यासाठी जैतापूरला जमीन असावी लागत नाही. संविधानाचे कलम २१ जगण्याचा हक्क देते, तो सातबारा पाहून देत नाही. उद्या धरणी हलेल तेव्हा देवाचे नाव पुढे करून कुणी पळू नये, एवढी तजवीज आज आपण केली पाहिजे.

जयभीम!