कोंबडी रुसत नाही

मराठीच्या वर्गात चेतनगुणोक्ती अलंकार शिकवायला फारसे कष्ट पडत नाहीत. झाड खिन्न झाले, वारा खोडकर झाला, की विद्यार्थी उत्तर लिहून मोकळे होतात. आम्ही दोघेही गेली वीसएक वर्षे हा अलंकार शिकवत आलो आहोत आणि कवितेत तो शोभतो याविषयी आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप आहे तो खुराड्यात शिरलेल्या चेतनगुणोक्तीला.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गेल्या दोन-तीन दशकांत भाताच्या खाचरांच्या जागी जी फार्महाऊसे उभी राहिली, त्यांतल्या पुष्कळांत आता कोंबड्या असतात. कशेळे-कडाव बाजूला पाण्याची ददात नाही. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यामुळे पेज नदी भर वैशाखातही वाहते. तेथे चार बदकेही हौसेने पाळली जातात. मालक शनिवारी मुंबईहून किंवा पुण्याहून येतो, रविवारी संध्याकाळी जातो. या दीड दिवसाच्या सहवासातून पक्ष्यांच्या स्वभावाविषयी जी विधाने तयार होतात ती आम्ही बरीच ऐकली आहेत. ही कोंबडी आमच्यावर जीव टाकते, पाठीवर हात ठेवला की शहाण्यासारखी खाली बसते. हा कोंबडा मात्र खुनशी आहे, लहानपणी मांडीवर वाढवला आणि आता अंगावर धावतो. बदके तर अगदी कृतघ्न. वर्षभर खाऊ घाला, जवळ गेलात की पळतात. प्रेम, खुनशीपणा, कृतघ्नपणा. तिन्ही शब्द माणसाच्या घरातले, आणि तिन्ही पक्ष्यांना गैरलागू.

पहिल्यापासून पाहू. पाठीवर हात जाताच अंग जमिनीला टेकवून, पंख किंचित फाकवून, पाठ सपाट करून बसणारी कोंबडी ही बहुधा नुकतीच वयात आलेली किंवा अंड्यावर असलेली कोंबडी असते. ती बैठक कोंबड्यासाठी आहे. कोंबडा पाठीवर चढू पाहतो तेव्हा मादी अशीच बसते आणि नंतर उठून अंगावरची पिसे झाडते. मालकाने हात काढून घेतला की तीही उठून पिसे झाडते, हे मालकाने पाहिलेले असते. त्याचा अर्थ मात्र त्याने लावलेला नसतो. फार्महाऊसवर पुष्कळदा कोंबडा ठेवतच नाहीत, कारण तो पहाटे चारला आरवून झोपमोड करतो. कोंबडा नसलेल्या कळपात ती रिकामी जागा दाणे टाकणाऱ्या दोन पायांच्या उंच प्राण्याकडे सहज जाते. थोडक्यात, मालकाला जो जिव्हाळा वाटतो ती त्याची कोंबड्याच्या पदावर झालेली नेमणूक आहे. हेच दृश्य वाडीतली बाई पाहते तेव्हा ती म्हणते, 'तलंग अंड्यावर आली.' आणि टोपलीत पेंढा घालून ठेवते. दोन-चार दिवसांत अंडे मिळते. या दोन वाचनांपैकी अधिक काटेकोर कोणते, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

आरवण्यावरून आठवले. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपली म्हण. म्हण सूर्याबद्दल बोलते, पण ती कोंबड्याबद्दलही खरी निघाली. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की सतत मंद उजेडात कोंडलेले कोंबडेही आपल्या पहाटेच्या सुमारास आरवतात. घड्याळ त्यांच्या शरीरातच असते. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग २०१५ चा. एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत सर्वांत वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे उतरत्या मानाने त्याच्यामागून.

ही मानाची उतरंड प्रथम नीट नोंदवली ती थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्ब या नॉर्वेजियन माणसाने. त्याला कोंबड्यांचा नाद पोरवयापासूनचा. कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट टोचून घेते, हे तो वर्षानुवर्षे वहीत टिपत राहिला आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी त्याने ते प्रसिद्ध केले. आज कचेरीतल्या साहेबांच्या क्रमालाही लोक त्याचा शब्द लावतात, पण मूळ निरीक्षण खुराड्यातले आहे. आता मांडीवर वाढलेल्या त्या 'खुनशी' कोंबड्याकडे येऊ. पिलाला आईविना माणसाने वाढवले, की त्याची माणसाची भीती जाते. ती गेल्यावर उरते काय? माणूस त्याच्या लेखी कळपातला आणखी एक कोंबडा ठरतो. पाच-सहा महिन्यांनी अंगात रग आली, की कळपातल्या इतरांना तो जसा आजमावतो तसाच यालाही आजमावतो: एक पंख जमिनीकडे झुकवून तिरका तिरका येतो, वळसा घालतो, आणि पाठ फिरली की पोटरीवर झेपावतो. त्याने उपकार विसरलेले नाहीत. उपकार नावाची गोष्ट त्याच्यापाशी कधी नव्हतीच. उलट कोंबडीच्या पंखाखाली वाढलेला गावठी कोंबडा माणसापासून चार हात अंतर राखतो, आणि त्या अंतरामुळेच दोघेही सुखी असतात.

येथे एक कटू गोष्ट नोंदवायला हवी. वाडीत अंगावर येणारा कोंबडा फार दिवस राहत नाही. पाहुणा आला, देवीची जत्रा आली, की आधी त्याचा नंबर लागतो. अशा कोंबड्याला मग पुढे पिलेही होत नाहीत. हजारो वर्षे हीच निवड घरोघर होत आली असणार. कोंबड्याचा माणसाविषयीचा सौम्यपणा ज्याने घडवला त्यात कुरवाळणाऱ्या हाताचा वाटा असेलही. पण रश्श्याच्या पातेल्याचा वाटा मोठा आहे असे आमचे मत आहे. शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी.

बदकांचा प्रश्न वेगळा, आणि आमच्या दृष्टीने अधिक हृद्य. १९७३ चे नोबेल ज्या तिघांना विभागून मिळाले त्यांतील कॉनराड लोरेंट्स याने अंड्यातून बाहेर येणारी पिले पहिल्या काही तासांत कोणाला आई मानतात याचा अभ्यास केला. हंसाचे पिलू समोर दिसेल त्याच्या मागे निघे. रानबदकाची पिले मात्र त्याला पाहून दडी मारत. मग त्याने त्यांच्या आईची हाक काढायला सुरुवात केली, आणि ती मागे येऊ लागली. पण तो उभा राहिला की थांबत, रडत. म्हणून हा दाढीवाला गृहस्थ कुरणात उकिडवा बसून, क्वॅक क्वॅक करत तासन्‌तास सरपटत राहिला. कुंपणापलीकडून पाहणाऱ्यांना उंच गवतातली पिले दिसत नव्हती, फक्त तो दिसत होता. लोरेंट्सचे पुढे नात्सी राजवटीशी जुळलेले सूत आम्हांला ठाऊक आहे आणि ते विसरण्याजोगे नाही. तरी हा प्रसंग बदक पाळणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. बदकाला जवळ करायचे तर आधी आवाज, मग उंची. आपण करतो नेमके उलटे: ताठ उभे राहून वरून हात घालतो. वरून झडप घालणारी गोष्ट पक्ष्याच्या जगात एकच, ती म्हणजे घार. शिवाय बदकाचा सारा भरवसा आपल्या सोबत्यांवर आणि पाण्यावर. चार बदके एकत्र वाढली तर त्यांचे लक्ष एकमेकांकडे असते. मालक हा दाणे येण्याच्या वेळेचा एक भाग असतो. एकटे बदक माणसाच्या मागे मागे फिरते हे खरे. पण ते त्याला दुसरे बदक मिळाले नाही म्हणून, आणि अशा एकट्या बदकाचे कौतुक करण्यात आम्हांला काही मौज वाटत नाही.

आमच्या या म्हणण्याचा अर्थ पक्ष्यांना भावना नसतात असा कोणी काढू नये. गावात खुडूक बसलेल्या कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची रीत आहे. स्वतःची अंडी एकवीस दिवसांत फुटतात, बदकाची अठ्ठावीस. ती बिचारी आठवडाभर जास्त बसते. पुढे ती पिले ओहोळ दिसताच पाण्यात उतरतात आणि कोंबडी काठावर वेड्यासारखी येरझारा घालते. लोक हसतात. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात २०११ मध्ये झालेल्या प्रयोगात पिलांच्या अंगावर हवेचे हलके फवारे सोडले तेव्हा पाहणाऱ्या कोंबडीच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले. तेव्हा काठावरच्या त्या येरझारांत काहीतरी खरे आहे. प्रश्न भावना आहे की नाही हा नसून, ती कोणाची आहे हा आहे. कोंबडीची कासाविशी कोंबडीच्या जगातली आहे. तिच्यावर आपली चिकटवली, की तिची दिसेनाशी होते.

आपल्याकडे 'माणसाळणे' असे सुरेख क्रियापद आहे. पण ते कोणाच्या बाजूने बनवले आहे पाहा. जणू प्राणी आपल्या दिशेने चालत येतो आणि थोडा माणूस होतो. घडते ते याच्या उलट. कोंबडी आपल्याला कोंबड्यांत घेते, बदक आपल्याला बदकांत घेते किंवा घेत नाही. आई, नर, प्रतिस्पर्धी, घार एवढ्याच जागा तेथे रिकाम्या असतात आणि आपण कसे उभे राहतो, कसा आवाज काढतो, यावर त्यांतली कोणती मिळणार ते ठरते. दाणे टाकताना जीभ टाळ्याला लावून काढलेली 'ती ती ती' ही हाक, आमचा कयास आहे, याच समजुतीतून आली. चारा सापडला की कोंबडीही पिलांना अशाच तुटक, भरभर स्वरांनी बोलावते. ज्याने ही हाक पहिल्यांदा काढली त्याने लोरेंट्सच्या कितीतरी आधी उकिडवे बसून ऐकले असणार.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ची (१९८२) आठवण येथे अपरिहार्य आहे. वानरांना त्यांनी नावे दिली, कथा दिली, तरी टोळीचा कायदा वानरांचाच राहू दिला. नाव देणे म्हणजे चेतनगुणोक्ती नव्हे, हे त्या छोट्या पुस्तकाने मराठीला दाखवून दिले. आपण वर्गात ते नेमतो आणि घरी येऊन मांजराला बाळ म्हणतो. असो.

ही सारी मल्लिनाथी अलंकारापुरती असती तर आम्ही लिहिलीही नसती. पण पक्षी आजार लपवतो. दुबळा दिसला की कळपातले टोचतात, कोल्हा-मुंगूस हेरतात. म्हणून तो शेवटपर्यंत उभा राहतो, आणि जेव्हा पिसे फुलवून, मान आखडून कोपऱ्यात बसतो तेव्हा उशीर झालेला असतो. या बसण्याला फार्महाऊसवर 'रुसली' म्हणतात. वाडीत त्याच बसण्यावरून 'मानमोडी' हा शब्द उच्चारला जातो, ज्याला पशुवैद्यक राणीखेत म्हणतात. तिच्यावर लस आहे, उपचार नाही. आणि ती कुंपण मानत नाही. गुळगुळीत हिरवळीवरच्या सहा कोंबड्या मेल्या तर मालक हळहळतो आणि पुढच्या महिन्यात वनराजा नाहीतर गिरिराजाची तयार पिले आणतो. खालच्या ठाकरवाडीतल्या किंवा कातकरवाडीतल्या वीस मेल्या तर ती आवणीआधीच्या दिवसांची शिल्लक असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या टेम्पोत भांड्याकुंड्यांसोबत कोंबड्यांचे डालगे ज्याने पाहिले आहे, त्याला या शिल्लकेचा अर्थ वेगळा सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी नष्ट केले जातात. त्यात लाडका कोणता आणि पोटाचा कोणता हे विचारले जात नाही.

दुसरीकडे, वाडीतले शहाणपणही पूर्वीसारखे राहिलेले नाही. उबवणी यंत्रातून आलेल्या पिलांना घारीची हाक शिकवणारी आई नसते. सुधारित जातींच्या माद्या सहसा खुडूक बसत नाहीत. आमच्या वर्गातल्या खेड्यातून येणाऱ्या मुलांना आम्ही 'खुडूक' म्हणजे काय विचारतो तेव्हा अलीकडे निम्मे वर्ग गप्प असतात, आणि 'तलंग' तर जवळजवळ कोणालाच येत नाही. शब्द गेला की ती अवस्था पाहणारी नजरही जाते, हे आम्ही भाषेचे शिक्षक म्हणून सांगू शकतो.

गेल्या पावसाळ्याआधी चौकच्या बाजूला एका परिचितांच्या फार्महाऊसवर आम्ही बसलो असताना मालकीणबाईंनी राखण करणाऱ्या मावशींना हाक मारली आणि सांगितले, 'मावशी, राणी कालपासून रुसली आहे, काही खात नाही, तिला जरा घास भरवा.' मावशींनी कोंबडीकडे दुरूनच पाहिले. मग पदर खोचत म्हणाल्या, 'ताई, आधी हगली कशी ते बघू द्या. हिरवं पडलंय का? आणि बाकीच्या आत कोंडा. आमच्या वाडीकडं एक जाऊ देऊ नका.'