जुनेपणाचा गुन्हा

धाराशिवात भुयारी रेल्वे नाही. मग तिच्या खोदकामाची चिंता येथील माणसाने का वाहावी, असा प्रश्न आमच्या एका विद्वान स्नेह्याने केला. उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सास्तूर व भोवतालची गावे भूकंपाने कोसळली, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे यांखाली माणसे चिरडली. त्या वेळी बांधणीस दोष देणे रास्त होते. धरणीवर फिर्याद कोणी करावी? परंतु तोच न्याय आता शहरांतील खोदकामास लावला जातो, तो आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. भिंतीस तडा गेला की उत्तर तयार: इमारत मुळातच जुनी होती!

जुनी होती म्हणूनच तर तिला आधी आधार द्यावयाचा. भूकंप सांगून येत नाही. बोगद्याची रेषा मात्र यंत्र जमिनीत उतरण्यापूर्वी कितीतरी दिवस नकाशावर असते. खोदताना भोवतालची माती थोडी ढळतेच. भूजल उपसले तर ती आणखी दबते. सगळी इमारत सारखी खचली तर भिंती बहुधा शाबूत राहतात; एक कोपरा खचला व दुसरा जागीच राहिला, की त्या फाटतात. उपायही जुनाच आहे: पायाखालची जागा थोडी थोडी, एकाआड एक मोकळी करून नवा पाया खोल नेणे. इंग्लंडात विंचेस्टरच्या कॅथेड्रलखाली विल्यम वॉकर या पाणबुड्याने 1906 पासून 1911 पर्यंत गढूळ पाण्यात, अंधारात चाचपडत काँक्रीटच्या गोण्या रचल्या. कॅथेड्रलच्या वयाची सबब तेथे कोणी पुढे केली नाही.

बरे, वयाचाच दोष असेल तर कोलोनचे काय? 3 मार्च 2009 रोजी त्या जर्मन शहराचा दप्तरखाना शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खड्ड्यात कोसळला. खड्ड्याच्या भिंतीतील दोषातून पाणी व वाळू आत शिरली होती. शेजारच्या घरांतील दोन माणसे गेली. मध्ययुगापासूनची कागदपत्रे, हाइनरिख ब्योल यांचीसुद्धा, चिखलात गाडली गेली. आणि इमारत कधीची? 1971 ची!

मुंबईत कुलाबा ते सीप्झ मार्गाचे खोदकाम चालू असता 2017 साली जे. एन. पेटिट ग्रंथालयाच्या दगडी शिखराचा तुकडा पडला व प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ग्रंथालयास वकील मिळाला. गिरगावच्या चाळीतील भाडेकरूने कोणाचे दार ठोठवावे? तो मार्ग 2025 साली पूर्ण खुला झाला. पुण्यात स्वारगेट ते कात्रज भुयार व्हावयाचे आहे. तेथे तरी खोदण्यापूर्वी प्रत्येक भिंतीची पाहणी व्हावी, तिची नक्कल राहणाऱ्याच्या हाती द्यावी, आणि जेथे आधार हवा तेथे तो खोदणाऱ्याच्या खर्चाने आधीच घालावा. त्यानंतर तडा पडलाच, तर तो आपल्यामुळे पडला नाही हे खोदणाऱ्याने सिद्ध करावे, भाडेकरूने नव्हे.