प्रवेश मिळाला, तयारीचे काय?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र. मुलगी बी.आर्च.ची पाच वर्षे पुरी करून आता लँडस्केप आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेली. चहा होईपर्यंत गृहस्थांनी आयईएल्टीएसचा निकाल, कर्जाचे मंजुरीपत्र, बँकेतल्या शिलकीचा दाखला असे एकेक कागद टेबलावर मांडले आणि समाधानाने म्हणाले, "मॅडम, तयारी सगळी झालीय. तरी एकदा तुमच्या नजरेखालून जावी म्हणून आलो."

कागद चोख होते. मी मुलीला विचारले, "तुझ्या गावाला वर्षाला पाऊस किती पडतो गं?"

मुलीने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. 'बाई वयोमानाने भरकटतात' असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. हा प्रश्न मी का विचारते ते सांगायचे, तर आधी माझीच एक चूक कबूल करावी लागेल.

पुण्यातल्या एका आर्किटेक्चर महाविद्यालयात मी बावीस वर्षे डिझाइन शिकवले. परदेशी जाणाऱ्या मुलांचे पोर्टफोलिओ पाहून देणे हे त्या काळात आपोआप अंगावर आलेले काम. २०१८ साली कराडकडची एक विद्यार्थिनी अशीच इंग्लंडला निघाली होती. घर शेतकऱ्याचे, राहत्या घरावर कर्ज काढलेले. तिच्या पोर्टफोलिओत मुठेच्या काठाचा एक प्रकल्प होता. त्यात तिने रस्त्यावरचे पाणी गटारात न सोडता खोलगट वाफ्यांत मुरवले होते. वाफ्यांत उंच गवते आणि रानफुले. कल्पना शेफिल्डच्या 'ग्रे टू ग्रीन' या प्रकल्पावरून घेतलेली. तिथे शहराच्या मध्यातल्या जुन्या रुंद रस्त्याचा काही भाग काढून अशा 'रेन गार्डन' केल्या आहेत. २०१६ साली त्याचा पहिला टप्पा पुरा झाला. मला प्रकल्प आवडला. मी शीटची मांडणी सुधारली, चित्रांचे रंग उजळायला लावले, निवेदनातली इंग्रजी वाक्ये स्वतः बसून घासूनपुसून दिली. प्रवेश मिळाला. पेढे आले.

तिसऱ्या आठवड्यात रात्री तिचा फोन. वर्गात प्रत्येकाने आपले आधीचे काम मांडायचे होते. हिचे पाहून तिथल्या शिक्षकांनी शांतपणे विचारले, "इथे पाऊस किती पडतो, आणि कधी?" हिला सांगता आले नाही. मग त्यांनी विचारले, "उरलेले महिने ही झाडे कशावर जगतात?" तेही सांगता आले नाही. "मॅडम," ती म्हणाली, "मला उत्तर येत नव्हतं. तुम्हाला येतं का?"

मलाही येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी आकडे काढून बसले. शेफिल्डला वर्षाला साधारण सव्वाआठशे मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला सातशे ते साडेसातशे. वर्षाची बेरीज जवळपास सारखीच! पण तिथे तो बाराही महिने थोडा थोडा येतो आणि आपल्याकडे जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे जो वाफा शेफिल्डला वर्षभर ओलसर राहतो, तो पुण्यात चार महिने बुडणार आणि उरलेले आठ महिने टँकरची वाट पाहणार. मुंबईचे तर बोलायलाच नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शेफिल्डला वर्षभरातही एवढा पडत नाही. एवढी साधी गोष्ट मी, एका शिक्षिकेने, रंग उजळण्याच्या नादात तपासली नव्हती.

आपल्याकडे 'परदेशी शिक्षणाची तयारी' म्हणजे काय, तर इंग्रजीची परीक्षा, एसओपी, पोर्टफोलिओ आणि व्हिसा. या चारही गोष्टी विकत मिळतात. पुष्कळ एजंटांना प्रत्येक प्रवेशामागे विद्यापीठाकडून दलाली मिळते. त्यांचे काम विद्यार्थी विमानात बसला की संपते. एसओपी तर आता संगणकच लिहून देतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा निवेदनांत लेखकाला लहानपणापासून मातीत खेळायची आवड असते, आणि सहाही जण तितक्याच सफाईने खेळलेले असतात. प्रवेशाचा दरवाजा यातून उघडतो. आत गेल्यावर काय होते, त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ज्यांच्या बाबतीत ते बरे होत नाही, ती मुले घरी कळवत नाहीत.

पालकांनी मुख्य गोष्ट लक्षात घ्यायची ती वेळेची. ब्रिटनमधला पदव्युत्तर अभ्यास बहुधा बारा महिन्यांचा. सप्टेंबरात सुरू, दोन सत्रे शिकवण्याची आणि उन्हाळ्यात प्रबंध किंवा मोठा प्रकल्प. आपल्याकडे पाच वर्षांत पहिले वर्ष बावरण्यात गेले तरी चालते. तिथे बावरण्यात तीन महिने गेले, तर चौथा हिस्सा गेला. शुल्क २५ हजार पौंड धरले, तरी आजच्या दराने पंचवीस-तीस लाख रुपये, राहणे-खाणे वेगळे. पुढच्या नोकरीचे गणितही दरवर्षी बदलते. माझी ती विद्यार्थिनी गेली तेव्हा शिक्षणानंतर काम शोधायला जेमतेम काही महिने मिळत. २०२१ साली 'ग्रॅज्युएट रूट' आला आणि दोन वर्षे मिळू लागली. मग १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती मुदत दीड वर्षावर आणण्याचे ब्रिटनने ठरवले. तेव्हा 'तिकडे दोन वर्षे काम करून कर्ज फेडू' हे वाक्य शेजाऱ्याच्या मुलाच्या अनुभवावरून उच्चारू नये.

नावांचा घोळ आणखी निराळा. एम.ए., एम.एस्सी., एम.आर्च. अशी नावे पालकांना सारखीच वाटतात. ब्रिटनमध्ये एम.आर्च. म्हणजे बहुधा तिथल्या वास्तुविशारदाच्या नोंदणीच्या वाटेवरची दोन वर्षांची पदवी. पण त्याच नावाचे एक वर्षाचे अभ्यासक्रमही सापडतात, आणि नोंदणीची ती तीन टप्प्यांची जुनी रचना आता बदलते आहे. १९९७ च्या कायद्याने तिथे नोंदणीशिवाय स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. एक वर्षाच्या एम.ए.ने हा अधिकार मिळत नाही. हे मुलांना तिथे पोचल्यावर, बहुधा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत कळते. लँडस्केपची गोष्ट वेगळी. त्या नावाला तिथे कायद्याचे कुंपण नाही. मात्र अभ्यासक्रमाला लँडस्केप इन्स्टिट्यूटची मान्यता आहे का, ते पाहावे. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नसते. वनस्पतिशास्त्र, भूगोल किंवा कृषी शाखेच्या पदवीधरालाही काही विद्यापीठांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळू शकतो. राहुरी-दापोलीकडच्या मुलांनी हा विचार जरूर करावा. माती त्यांना आमच्या मुलांपेक्षा जास्त कळते.

पण खरी अडचण कायद्याची नाही, सवयीची आहे. आपल्याकडची 'ज्यूरी' आठवा. चार रात्री जागून, धाकट्या वर्गातल्या मुलांना मॉडेलला जुंपून शीट पुऱ्या करायच्या, भिंतीला लावायच्या आणि मान खाली घालून उभे राहायचे. परीक्षक बोलतात, विद्यार्थी "हो सर" म्हणतो. तिकडच्या 'क्रिट'मध्येही बोलणी खावी लागतात, पण तिथे विद्यार्थ्याने उलट बोलावे अशी अपेक्षा असते. अर्धवट रेखाटने, फसलेले प्रयत्न, सोडून दिलेले मार्ग हे सगळे भिंतीवर हवे असते. आपली मुले पूर्ण झालेले, चकचकीत एकच चित्र लावतात आणि गप्प राहतात. शिक्षकाला वाटते, हिच्यापाशी विचार नाही. हिला वाटते, माझे इंग्रजी कमी पडले. दोघांचाही अंदाज चुकलेला असतो.

तिथल्या विद्यापीठांना याची जाणीव नाही असे नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही आठवड्यांचे भाषावर्ग असतात, काही ठिकाणी 'प्री-मास्टर्स' असतात. निबंध कसा लिहावा, दुसऱ्याचे वाक्य घेतले तर उल्लेख कसा करावा, हे तिथे नीट शिकवतात, आणि त्याची आपल्या मुलांना फार गरज आहे. पण या वर्गांचा सूर बहुधा असा असतो, की येणाऱ्या मुलात काही उणे आहे आणि ते भरून काढायचे आहे. त्या मुलाने येताना काही आणले असेल, तर ते उलगडून पाहायला कोणाला सवड नसते. आणि खरे सांगायचे तर आपणही मुलाबरोबर काही बांधून देत नाही. लोणचे देतो तेवढेच.

पूर्वी गेलेल्यांची उदाहरणे पाहा. आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे.जे.मधून शिकून १९४५ साली हार्वर्डला ग्रोपिअसकडे गेले आणि परत येऊन त्यांनी कानपूरची आयआयटी उभी केली. मोहम्मद शहीर दिल्लीहून शेफिल्डलाच लँडस्केप शिकायला गेले. परतल्यावर त्यांनी दिल्लीत पिढ्या शिकवल्या, आणि हुमायूनच्या मकबऱ्याशेजारच्या सुंदर नर्सरीचा आराखडा केला. २०१८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, तेव्हा ते हयात नव्हते. तिथली दाट झाडी आणि वाहते पाणी पाहताना शेफिल्ड आठवत नाही, दिल्लीचे ऊन आठवते. अर्थात ही अपवादात्मक माणसे. त्यांचा दाखला देऊन सामान्य मुलाला दडपण्यात अर्थ नाही.

माझ्या विद्यार्थिनीचे पुढे बरे झाले. तिथल्या शिक्षकांनीच तिला सांगितले, की उन्हाळ्याच्या प्रकल्पासाठी आपल्या ओळखीची जागा घे. तिने आंबिल ओढा घेतला. नकाशे, जुन्या नोंदी मी इथून पाठवत होते आणि पाठवता पाठवता शिकत होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला याच ओढ्यावर तलाव बांधून त्याचे पाणी बंदिस्त दगडी नळातून शहरातल्या हौदांत आणले होते, हे मला शाळेपासून ठाऊक. पण तो नळ जमिनीच्या कोणत्या उताराने आला, ओढा कुठे वळवला आणि आज त्या वाटेवर कोणत्या सोसायट्या उभ्या आहेत, हे मी त्या वर्षी पहिल्यांदा पायी फिरून पाहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये तिने प्रकल्प सादर केला. त्याच महिन्याच्या २५ तारखेच्या रात्री ओढ्याला पूर आला. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. तिने नकाशावर लाल रंगाने दाखवलेल्या जागांपैकी दोन जागा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात होत्या. तिने मला फोन केला, पण दोघींनाही फारसे बोलता आले नाही.

तेव्हापासून मी पोर्टफोलिओ रंगवून देत नाही. माझ्याकडे येणाऱ्याला तीन महिने द्यावे लागतात. आपल्या गावातला एक ओढा, तळे किंवा डोंगरउतार घ्यायचा. पाणी कुठून येते, कुठे जाते, कोण वापरते, कोण अडवते, ते पायी फिरून वहीत काढायचे. संगणक नाही, फोटो नाही. मग त्यावर आधी मराठीत बोलायचे. मी मध्ये मध्ये "का?" विचारते आणि मुलाने माझ्याशी भांडायचे. हे पहिल्यांदा फार जड जाते. "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं करते" हे वाक्य बंद व्हायलाच दीड महिना लागतो. त्यानंतर तेच इंग्रजीत बोलायचे, आणि शेवटी लिहायचे. या क्रमाने गेले, की इंग्रजी मोडकेतोडके असले तरी बोलणे अडत नाही, असा माझा अनुभव. चुका होतात, कोणी फार उशिरा येते, कोणाला हे सगळे वेळखाऊ वाटून तो एजंटकडे परत जातो. जावे.

त्या रविवारी आलेल्या बापलेकींनाही मी हेच सांगितले. गृहस्थ फारसे पटल्यासारखे दिसले नाहीत. फाइल बंद करून, नमस्कार करून गेले. मला वाटले, संपले.

तीन आठवड्यांनी दोघे पुन्हा आले. या वेळी फाइल नव्हती, चिखलाचे डाग पडलेली वही होती. दोघे मिळून गावचा ओढा वरपासून खालपर्यंत चालून आले होते. वहीच्या मधल्या पानावर मुलीने बायपासचा भराव काढला होता आणि त्याच्या एका अंगाला पाण्याचा बाण.

"मॅडम, हा बाण चुकलाय," वडील म्हणाले. "रस्ता व्हायच्या आधी पाणी पलीकडून जायचं. आमचं शेत होतं तिथं."

"बाबा, उतार इकडं आहे. मी मोजलाय."

"तू आत्ताचा मोजलास. मी तेव्हाचा सांगतोय."

मी चहा ठेवायला उठले. बाहेर दोघांचे चाललेच होते.