आधी मागणी लिहा, मग सॉफ्टवेअर घ्या

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि पुसदसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेतही संगणकावरच्या बिलाची गरज वाढली. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु आपला व्यापारी सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने विकत घेतो ती पद्धत चांगली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. विकणारा येतो, चार बटणे दाबून दाखवतो, शेजारच्या दुकानाचे नाव सांगतो आणि सौदा पक्का होतो. नंतर कळते की उधारीची वसुली त्यात नीट बसत नाही, कापड ठाण आणि मीटर अशा दोन्ही हिशोबांनी मोजता येत नाही, हमाली-तोलाई वेगळी दाखवता येत नाही. तक्रार केली की उत्तर मिळते, "हे तुम्ही आधी सांगितले नव्हते." तोंडी सांगितलेही असेल, पण लिहून दिलेले नसते, म्हणून वाद तिथेच संपतो आणि पैसे अडकतात.

मोठ्या कंपन्यांत या कामासाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. त्याला बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणतात. ग्राहकाला नेमके काय हवे ते विचारून, लिहून, प्रोग्राम करणाऱ्याच्या हाती देणे हे त्याचे काम. शेकडो मागण्या सांभाळायच्या म्हणून तो आयबीएमचे डोअर्स किंवा अ‍ॅटलाशियनचे जिरा यांसारखी साधने वापरतो. ही साधने करतात तरी काय? प्रत्येक मागणीला क्रमांक देतात, ती कोणाची हे नोंदवतात, ती पूर्ण झाली हे कसे तपासायचे ते सांगतात, आणि कोणी कधी बदल केला हे जपून ठेवतात.

आपल्या शिंपीकाम करणाऱ्या कारागिराला यात नवे काही वाटणार नाही. त्याच्या मापाच्या वहीत नंबर असतो, नाव असते, मापे असतात, कापडाचा तुकडा टाचलेला असतो. गिऱ्हाईक पुन्हा येऊन "बाही थोडी ढिली ठेवा" म्हणाले तर तेही त्याच पानावर चढते. कपडा देताना वही उघडली की भांडण उरत नाही. संगणकाच्या खरेदीतही हीच वही हवी.

मात्र नुसते लिहून भागत नाही, तपासावेही लागते. अमेरिकेच्या नासा संस्थेचे मंगळाकडे गेलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झाले. आकडे मेट्रिक मापात द्यावेत असे कागदावर ठरलेले होते. कंत्राटदाराच्या सॉफ्टवेअरने ते पौंडाच्या मापात दिले आणि ही चूक वेळेत पकडली गेली नाही. एवढ्या मोठ्या संस्थेचे असे होते, तर आपल्या दुकानाची काय कथा?

म्हणून आमची सूचना अशी. साधी वही घ्या आणि दहा-पंधरा मागण्या क्रमाने लिहा. वीज किंवा इंटरनेट गेले तर बिल निघेल का? नोकराला मराठीत किंवा उर्दूत काम करता येईल का? जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. उद्या सॉफ्टवेअर बदलले तर जुना हिशोब बाहेर काढता येईल का? कंपनी म्हणून नोंदणी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून, नोंदीतला प्रत्येक बदल टिपणारेच हिशोबाचे सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, तेही लिहा. यादीवर विकणाऱ्याची सही घ्या, आपलीच जुनी बिले घालून एकेक मागणी तपासा आणि सगळ्यांवर खूण होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.

पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. घरात किंवा मोहल्ल्यात संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर ही यादी करायला त्यांनाच बसवा. जे तरुण या व्यवसायात आहेत त्यांनाही आमचे सांगणे हेच: साधन निवडताना किंमत आणि नाव यांच्या आधी हे पाहा, की तुमची माणसे ते रोज भरतील का. कोणी न भरलेल्या महागड्या साधनापेक्षा रोज भरलेली वही केव्हाही बरी.